परसातलं छोटं तळं : मासे सोडायचे की नाहीत?

लव्हाळी | १२ मे

तळेगावला घरामागे थोडी मोकळी जागा आहे. एक आंबा, दोन पेरू, कुंपणाला कढीपत्ता आणि मधे नुसतं गवत. पाऊस लागायच्या आत तिथे लहानसं तळं करायचं ठरवलंय. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि मधोमध दोन फूट खोल. कारंजं नको, दिवे नकोत, रंगीत मासेही नकोत. बेडूक, चतुर, टाचण्या (चतुराचे नाजूक भाऊबंद) आणि पाण्यावर येणारे पक्षी यांच्यासाठी हवंय.

घरात मात्र सगळ्यांचं एकच पालुपद आहे : "डास होतील, गप्पी सोड." माझं मत असं की एकदा मासे सोडले की ते मत्स्यपालन झालं, बाकी कुणाला तिथे जागा उरत नाही. पण हे नुसत्या वाचनावरून म्हणतेय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. शिवाय प्लास्टिक घालू की सिमेंट? आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याचं काय करता?

प्राजक्ता२२ | १२ मे

वाचतेय. फोटो टाकल्याशिवाय धागा पूर्ण धरला जाणार नाही.

मास्तर_सातारा | १२ मे

लव्हाळीताई, कल्पना छान आहे, पण गप्पी सोडाच. आमच्याकडे नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात मागितले की फुकट मिळतात. वाड्याच्या हौदात आम्ही वर्षानुवर्षं पाळलेत, डासाची अळी औषधाला सापडत नाही. खर्च शून्य, औषध नाही, धूर नाही. उगाच निसर्ग निसर्ग करत घरात हिवताप आणू नका.

टाचणी | १२ मे

मास्तर, हौदातल्या गप्पींबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. हौद बंद असतो, त्यात दुसरं काही जगत नसतं. तळ्याचं गणित वेगळं आहे.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो डासांच्या अळ्या खातो हे खरं, पण तेवढंच खात नाही. बेडकांची अंडी, नुकती फुटलेली बेडूकमासळी, टाचण्यांची बारीक पिल्लं, पाण्यातले सूक्ष्म जीव, तोंडात मावेल ते सगळं. अंडी न घालता थेट पिल्लं देतो, त्यामुळे लहान तळ्यात बघता बघता त्याचीच गर्दी होते. गंबुशिया तर त्याहून आक्रमक. तोही डासांसाठीच १९२८ साली भारतात आणला गेला आणि आता देशभर पसरलाय. पावसाळ्यात तुमचं तळं वाहिलं की हे मासे ओढ्यात जातात, तिथून नदीत.

मासे नसलेल्या पाण्यात डास खाणारे असतातच. चतुराचं पिल्लू पाण्याच्या तळाशी दबा धरून बसतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून डोक्याखाली ठेवलेला असतो. अळी टप्प्यात आली की तो झटकन पुढे फेकला जातो, टोकाच्या आकड्यांत अळी अडकते आणि ओठ परत मागे. काचेच्या बरणीत एक पिल्लू आणि थोड्या अळ्या ठेवून पाहा, मुलं तासभर हलणार नाहीत. पाठीवर उलटे पोहणारे किडे, पाणभुंगे, पाणविंचू हेही त्याच कामावर. यातलं काही विकत आणावं लागत नाही. उलटे पोहणारे किडे आणि भुंगे रात्री उडत येतात, नवं पाणी त्यांना लगेच सापडतं.

गौरी_कोथरूड | १२ मे

माझ्या मुलीला गेल्या पावसाळ्यात डेंगी झाला होता. प्लेटलेट्स खाली गेल्या, रुग्णालयात ठेवावं लागलं. त्यामुळे "निसर्ग आपलं बघून घेईल" हे वाक्य मला पचत नाही. टाचणी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण चतुर यायच्या आधीचे आठवडे कोण सांभाळणार?

टाचणी | १३ मे

गौरी, प्रश्न अगदी रास्त आहे. लेक आता बरी असेल अशी आशा.

डेंगीचा एडिस डास लहान भांड्यांतलं पाणी शोधतो : कुंडीखालची ताटली, टायर, फ्रिजमागचा ट्रे, नारळाची करवंटी, गच्चीवरची उघडी टाकी. भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर तो अंडी चिकटवतो. ती अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहूनही पाणी चढलं की फुटतात. उतरत्या काठाचं, किडे आणि झाडोरा असलेलं तळं ही त्याची आवडती जागा नाही. हिवतापाचा ॲनाफिलीस किंवा क्यूलेक्स मात्र तळ्यात अंडी घालू शकतात, म्हणून बेफिकीर राहून चालणार नाही.

अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा सुरुवातीला आठवड्यातून दोनदा पांढऱ्या वाटीत काठाचं पाणी घेऊन बघायचं. अळ्या दिसल्याच तर बीटीआय टाकायचं. हा १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला जिवाणू. डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्या मारतो, बेडूकमासळी आणि चतुरांना धक्का लावत नाही. टेमिफॉस हे अळ्या मारायचं रसायन मात्र तळ्यात पडू देऊ नका. फवारणीवाले आले तर त्यांना आधीच सांगा, त्यानं डास खाणारे किडेही मरतात आणि पुढची पिढी डासांचीच येते.

गौरी_कोथरूड | १३ मे

पांढऱ्या वाटीचा उपाय आवडला. आमच्या सोसायटीच्या कुंड्यांच्या ताटल्यांपासून सुरुवात करते.

सांगोलेकर | १३ मे

प्लास्टिकबद्दल मी सांगतो, आमचा रोजचा विषय आहे. डाळिंबाला शेततळं आहे. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून आमच्या भागात गावोगावी कागद अंथरलेला दिसेल. (आम्ही प्लास्टिकला कागदच म्हणतो.) ५०० मायक्रॉनचा घ्या. दुकानदाराकडे शेततळ्याचा उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. माप असं काढायचं : लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांना एकेक फूट. तुमचं तळं १० बाय साडेसहा फूट, खोली २. म्हणजे कागद १६ बाय साडेबारा फूट.

खड्ड्यातले टोकदार दगड, मुळं वेचून काढा. मग दोन बोटं बारीक वाळू, त्यावर जुनी पोती किंवा सतरंजी, मग कागद. उन्हात उघडा राहिलेला कागद आधी फाटतो, म्हणून काठ मातीनं आणि दगडांनी झाका.

आता महत्त्वाचं. कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पडलेलं जनावर वर येऊच शकत नाही. आमच्याकडे शेततळ्यांत ससे, कोल्हे, कुत्री बुडतात. माणसंही बुडाली आहेत, पोहता येणारी सुद्धा. मी चारही बाजूंनी काथ्याचे गाठी मारलेले दोर सोडलेत आणि एका कोपऱ्यात जुन्या टायरची शिडी केली आहे. तुमचं तळं लहान असलं तरी एक बाजू अगदी सपाट उतरती ठेवा, तीवर गोटे आणि वाळू पसरा. खारीला, सरड्याला, मांजराच्या पिल्लाला चढून येता आलं पाहिजे. घरात लहान मूल असेल तर वितभर पाणीसुद्धा धोक्याचं. तोवर लोखंडी जाळी किंवा कुंपण हवंच, त्यात तडजोड नको.

लव्हाळी | १३ मे

सांगोलेकर दादा, मनापासून आभार. हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं. भाचा दोन वर्षांचा आहे, तेव्हा कुंपण आधी, तळं नंतर.

कोकणची_केवडा | १४ मे

आमच्याकडे जांभा. त्यात पाणी राहत नाही आणि चार महिने हटतही नाही. मी परसात नुसता उथळ खड्डा खणून ठेवलाय. जूनमध्ये भरतो, ऑक्टोबर संपता संपता आटतो. कागद नाही, सिमेंट नाही. आणि बेडूक म्हणाल तर तिथेच जास्त!

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मोठे बेडूक जमतात. नर पिवळेधमक झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. हळदीला बसलेले नवरदेवच. दोन-तीन रात्री नुसता गोंगाट, मग सगळं शांत. आठवड्याभरात पाणी बारीक काळ्या ठिपक्यांनी भरतं. सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) डबक्यांतही हेच चालतं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडचं तळं आटलं तर आटू दे. आटतं म्हणूनच त्यात मासे टिकत नाहीत आणि मासे नाहीत म्हणून बेडूक तिथे अंडी घालतात. मेमध्ये टँकर मागवून तळं भरणं मला पटत नाही.

अनघा_नाशिक | १४ मे

केवडा, तुझ्याकडे बारा महिने ओलावा असतो, म्हणून असं म्हणता येतं. आमच्याकडे मार्चनंतर आजूबाजूला थेंब नसतो. तेव्हा माझ्या तळ्यावर जे येतं ते पावसाळ्यात कधीच दिसत नाही. बुलबुल, दयाळ, साळुंक्या, शिंपी, दुपारी तर मधमाश्यांची रांग. मधमाश्यांना उभं राहायला ओला दगड लागतो, खोल पाण्यात त्या बुडतात. आटू द्यायचं तर या सगळ्यांनी जायचं कुठे?

मे महिन्यात आमच्याकडे रोज जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी उडतं. लव्हाळीच्या मापाच्या तळ्याला म्हणजे दिवसाला तीन-चार बादल्या. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घालू नका, त्यानं शेवाळ माजतं. नळाचं घालायचं तर आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो.

कोकणची_केवडा | १४ मे

पक्ष्यांसाठी पाणी ठेवायला परळ पुरतं की. रोज धुवायचं, भरायचं.

अनघा_नाशिक | १४ मे

परळात टाचणी वाढत नाही. पण मधला मार्ग आहे. मी मेमध्ये पूर्ण भरत नाही, फक्त मधला खोल भाग ओला ठेवते आणि उथळ काठ सुकू देते. जूनमध्ये काठ पुन्हा बुडाला की केवडाच्या खड्ड्यासारखीच अंडी तिथे पडतात.

कोकणची_केवडा | १४ मे

हे पटलं.

लीड्सकर | १५ मे

इथे इंग्लंडात परसातलं तळं फार लोकप्रिय आहे आणि 'मासे टाकू नका' हा पहिलाच सल्ला मिळतो. बेडूक फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडीतच अंडी घालतात. जपायचं ते बर्फापासून. तळं गोठलं तर बर्फ फोडत नाहीत, गरम पाण्याचं भांडं वर ठेवून भोक पाडतात.

हे मुद्दाम लिहिलं, कारण लव्हाळी, तुम्ही पाहताय ते व्हिडिओ बहुतेक इकडचे असणार. 'भरपूर उन्हात तळं करा' हा सल्ला इथल्या उन्हासाठी आहे. तळेगावच्या एप्रिलमध्ये तो पाळलात तर पाणी कढत होईल. तुम्हाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी.

अनघा_नाशिक | १५ मे

अगदी! आणि पाण्याचा निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला जाऊ द्या. कुमुद लावा, देशी. काठाला वेखंड आणि ब्राह्मी, बुडीत हायड्रिला. पाणकणीस दिसायला देखणं असतं, पण एवढ्याशा तळ्यात दोन वर्षांत तेच उरतं. जलपर्णी तर फुकट दिली तरी घेऊ नका. कुंडीत साधी माती आणि वर वाळू. शेणखत अजिबात नाही, नाहीतर हिरवा काढा होतो.

अभंग_पुणे | १६ मे

अवांतर : तळ्यात कासव सोडलं तर? वास्तूला चांगलं म्हणतात. सासूबाईंची फर्माईश आहे.

टाचणी | १६ मे

नको हो. आपलं देशी कासव घरी ठेवणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. दुकानात मिळतं ते लाल कानपट्टीचं अमेरिकन. लहानपणी नाण्याएवढं असतं, मग ताटलीएवढं होतं, तळ्यातली प्रत्येक वनस्पती खातं आणि शेवटी लोक ते नदीत सोडून येतात. सासूबाईंना पितळेचं आणून द्या.

अभंग_पुणे | १६ मे

पितळेचं मंजूर झालंय. खाणंपिणं नाही म्हणून त्याही खूश.

निखिल_ठाणे | १७ मे

गच्चीवर असं करता येईल का? टाक्यांशेजारी ८ बाय ५ फूट जागा आहे.

ओळंबा | १७ मे

स्थापत्य अभियंता म्हणून सांगतो, जपून. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरतात. १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे तेवढाच भार झाला, माती, दगड, माणसं वेगळीच. गच्चीवर तळं नको. तुळई भिंतीवर जिथे टेकते तिथे एखादं मोठं घमेलं किंवा अर्धा कापलेला पिंप ठेवा, त्यात एक कुमुद. तेही इमारतीच्या अभियंत्याला विचारून.

निखिल_ठाणे | १७ मे

पण घमेलं म्हणजे लहान भांडं, मग एडिस आलाच ना?

टाचणी | १७ मे

बरोबर ओळखलंत. घमेल्यात शिकारी किडे टिकतीलच असं नाही. तिथे मी मासे चालवून घेईन. तेही देशी, उदाहरणार्थ आपला पिकू : पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि वरच्या अळ्या टिपतो. बंद भांडं, ओढ्याशी संबंध नाही, बेडकाचा प्रश्न नाही.

मास्तर_सातारा | १७ मे

म्हणजे माझ्या हौदाला सूट मिळाली! ताईंच्या तळ्यापुरता मी माझा आग्रह मागे घेतो. हौदातले गप्पी मात्र राहणार.

रेवती_वाई | १९ मे

सापांचं कुणीच बोललं नाही. बेडूक आले की साप येणारच.

टाचणी | १९ मे

येतात. बहुतेक दिवड किंवा नानेटी. दोन्ही बिनविषारी, दिवड मात्र तापट, हातात धरायला जाल तर चावेल. बेडकांसाठी नागही येऊ शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून तळं स्वयंपाकघराच्या दारापासून लांब करा. दार ते तळं हा पट्टा झाडून मोकळा ठेवा. दगडांचे आणि लाकडांचे ढीग पलीकडच्या बाजूला. रात्री बॅटरीशिवाय तिकडे जायचं नाही. आणि सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये असू द्या.

रेवती_वाई | १९ मे

आणि रात्रीचा आवाज? शेजारी तक्रार करतील.

प्राजक्ता२२ | १९ मे

आमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा बेडकांचा आवाज परवडला. शिवाय ते दोन-तीन रात्रींत आटोपतात.

गोंयकार_दर्या | २० मे

गोव्यात तो आवाजच बेडकांच्या जिवावर उठतो. पहिल्या पावसात लोक विजेऱ्या घेऊन निघतात. 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून विकतात. कायद्यानं बंदी आहे, वनखातं गस्तही घालतं. देशातून बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये थांबली, तरी ताटातून ते पुरते गेले नाहीत. त्यामुळे कुणी मुद्दाम बेडकांसाठी पाणी करतंय हे वाचून फार बरं वाटलं.

लव्हाळी | २७ जुलै

मंडळी, हिशोब द्यायला आले. कुंपण झालं, तळं झालं. एका बाजूला गोट्यांचा उतार आहे. पन्हळीचं पाणी वळवलं. ५० चौरस मीटरच्या छपरावर ४० मिलिमीटर पाऊस पडला की दोन हजार लिटर होतात, त्यामुळे टँकरची गरजच पडली नाही.

एक अडचण आली ती सांगते. जुलैच्या झडीत जमिनीतलं पाणी वर चढलं आणि कागद मधोमध फुगून वर आला. सांगोलेकर दादांना विपू (निरोप) केली. त्यांनी वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढायला सांगितलं. चर खणला, फुगा बसला. उतारावर किंवा पाणथळ जागी तळं करणाऱ्यांनी हा चर आधीच काढावा.

आता पाहुणे. पाण्यावर निवळ्या धावतायत, उलटे पोहणारे किडे आहेत. भेकांच्या काळ्या बेडूकमासळीचे थवे उथळ काठाला. पाण्यावर झुकलेल्या पेरूच्या फांदीला एक पांढरा फेसाचा गोळा लागलाय. आधी वाटलं कुणी साबण टाकला. बोटानं न शिवता जवळून पाहिलं तर वरचा थर वाळून पापुद्रा झालेला आणि आतून ओला.

टाचणी | २७ जुलै

अभिनंदन! हे झाडबेडकाचं घरटं. मादी द्रव सोडते आणि पायांनी घुसळून त्याचा फेस करते, त्यात अंडी असतात. काही दिवसांत फेस खालून विरघळेल आणि पिल्लं थेट पाण्यात पडतील. फांदी छाटू नका आणि तिच्याखाली पाणी राहील हे पाहा. तळ्यात गप्पी असते तर पिल्लं त्यांच्या तोंडातच पडली असती.

चतुर दिसले का? पिवळसर, थव्यानं उडणारे, क्वचितच बसणारे?

लव्हाळी | २८ जुलै

हो, संध्याकाळी गवतावर पुष्कळ असतात. एक जोडी पाण्यावर शेपट्या आपटत होती.

टाचणी | २८ जुलै

ती अंडी घालत होती. पॅन्टाला म्हणतात त्याला. पावसाबरोबर येतो आणि पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढून उडतो. ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर मालदीवला थव्यांनी उतरतात आणि तिथून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलं. तुमच्या तळ्यातलेही त्यांत असू शकतात.

गौरी_कोथरूड | २८ जुलै

आणि पांढरी वाटी काय म्हणते?

लव्हाळी | २८ जुलै

जूनअखेरीस अळ्या होत्या, दोनदा बीटीआय टाकलं. आता वाटीत अळी क्वचित दिसते. घरमालकीण म्हणजे आमच्या आई रोज स्वतः वाटी बुडवून बघतात, गप्पींचं नावही काढत नाहीत.

प्राजक्ता२२ | २ ऑगस्ट

एक विचारू? गणपती शाडूचा आहे. तुझ्या तळ्यात विसर्जन केलं तर चालेल का? किती छान वाटेल.

लव्हाळी | २ ऑगस्ट

प्राजक्ता, भाव कळतो, पण तळ्यात नको. शाडू विरघळला की पाणी गढूळ होतं, बारीक माती बेडूकमासळीच्या कल्ल्यांत बसते आणि बुडीत झाडांना ऊन मिळत नाही. रंग साधा असला तरी पाणी एवढंसंच आहे. तळ्याच्या काठावर पाट मांडू, तिथे उत्तरपूजा आणि आरती करू, विसर्जन मोठ्या पिंपात. शाडू खाली बसला की तो पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी ठेव, वरचं पाणी आंब्याला घालू. कधी येतेस ते कळव, खिरापत माझ्याकडे.